गालावरचा काटा

जलूदहून नर्मदा घाट चढून येते इंदूरला,
पंपांच्या खांद्यावर बसून.
रोज सकाळी प्रयोगशाळेत मी तिची बाटली भरते,
क्लोरीन बघते, खाली सही करते.
आणि संध्याकाळी घरी
तिलाच आरओतून गाळून
निळ्या पिंपात मीठ घालून ढवळत बसते.
तशी ती निघालीच होती समुद्राकडे.
मी फक्त वाटेत अडवून म्हटलं,
बाई, इथेच हो.

सुदामा नगर, दुसरा मजला, अडीच फूट समुद्र.
घरमालकांनी दोनदा विचारलंय, स्लॅब झेपेल ना.

सियागंजच्या मागे हुजैफाभाईंचं दुकान.
चेन्नईचा माल गुरुवारी येतो,
शुक्रवारी मेलेले काढून टाकतात,
म्हणून आम्ही शनिवारी जातो.
"पहिल्यांदा गाल बघा," ते म्हणतात.
"कल्ल्याच्या खाली काटा असला तर एंजल,
नसला तर दुसरं कुणीतरी.
बाकी सगळं रंगकाम."

शर्वाणीला एम्पररचं पिल्लू हवंय.
गडद निळ्यावर पांढरी वेटोळी, एकात एक;
तिने नावही ठेवलंय, चकली.
मी तिला सांगते, दोन-तीन वर्षांत चकली मोडते,
अंगभर पिवळी शेव होते,
आणि मासा हातभर.
"मग तर इंदूरचाच झाला की," ती म्हणते.
मी पर्समधून शिवणाची टेप काढते,
तिच्यासमोर अडीच फूट धरते.
ती टेपकडे बघत नाही.

स्वॉलोटेल आहे एक, फिकट, शेपटीला काळी किनार.
प्रवाळाला तोंड लावत नाही,
वरच्यावर तरंगतं तेवढंच खातो.
आमच्या आत्याच्या भाषेत
सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.
पण त्याला पोहायला चार फूट लागतात.
चांगल्या स्थळांचं असंच असतं,
त्यांना हॉल मोठा लागतो.

फ्लेम. चुलीतून नुकताच ओढल्यासारखा.
साडेसात हजार.
मी विचारते, माझं हिरवं मेंदू-प्रवाळ आहे,
चौदा महिन्यांत बोटभर वाढलंय, चावेल का?
हुजैफाभाई चष्मा पुसतात.
"ताई, इत्ती गारंटी तो मैं मेरी भी नी देता."

मग म्हटलं, खाऊन दाखवा.
त्यांनी चिमूटभर गोठवलेली कोळंबी सोडली,
सगळे धावले.
एक नाही धावली.
पाइपाच्या तुकड्यामागे कोरल ब्यूटी,
जांभळी, पोटाकडे विटकरी,
वरचा पर फाटलेला,
काचेवरचं शेवाळ टिपत होती,
जेवणावळीत न बोलावलेल्या बाईसारखी
आपलं आपण.
शर्वाणी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली.
"आई, हिला आहे काटा."

पिशवीला नईदुनियाचा कागद गुंडाळून
सरवटेच्या गर्दीतून ॲक्टिव्हावर आणली.
मांडीवर शर्वाणीने ती
परीक्षेच्या पॅडसारखी सपाट धरली होती.
दोन तास थेंब थेंब पाणी.
मधे वीस मिनिटं लाइट गेली,
तेव्हा मी हातपंख्याने पाणी हलवलं,
त्याने काय होतं मला माहीत आहे, काही होत नाही.

दोन दिवस दगडामागे.
तिसऱ्या दिवशी बाहेर आली, जसं काही घर तिचंच,
आणि मेंदू-प्रवाळाच्या कडेला
एक चावा घेतला.
प्रवाळ मिटलं.
रात्री पुन्हा उघडलं, कडेला थोडं कमी.

नोकरीची सवय. वही काढली.
सोमवार: चावा, एक.
मंगळवार: चार.
शर्वाणी म्हणाली, परत करायची का?
तिच्या आवाजात चकली होती, अजून.
मी म्हटलं, बघू.
बुधवार: शून्य.
गुरुवारी ती काचेजवळ आली होती,
फाटलेल्या परात नवी, पारदर्शक कड दिसत होती,
नखाएवढी.
गुरुवारी मी चावे मोजले नाहीत.